दिवाणखान्यांतील समुद्र

हल्लीं पुण्यामुंबईकडे एकाद्या स्नेह्याच्या नव्या जागेंत वास्तुशांतीच्या निमित्तानें जावें, तों दिवाणखान्यांत पाऊल टाकतांच आपण समुद्रकांठीं येऊन पोहोंचलों कीं काय, असा भास पाहुण्यास व्हावा अशी यजमानांची योजना पुष्कळदां आढळते. भिंती पांढऱ्या, पण चुन्याच्या पांढऱ्या नव्हेत, तर वाळूची पुसट छटा असलेल्या. सोफ्यावर जाड लिननची सैल खोळ. खालीं तागाचा गालिचा, कोपऱ्यांत वेताची खुर्ची, मेजावर कांचेच्या बरणींत थोडे शंखशिंपले, आणि भिंतीवर एकच मोठें चित्र : खालीं फिकी वाळू, वर फिकें आकाश, मध्यें क्षितिजाची एक रेघ. ह्या थाटाला इंग्रजींत 'कोस्टल' म्हणतात, त्याच्या रंगांना 'न्यूट्रल' आणि त्याच्या एकंदर वृत्तीला 'रिलॅक्स्ड'. आपण त्याला किनारी थाट म्हणूं. खिडकीबाहेर समुद्र असतोच असें नाहीं. बहुधा समोरच्या इमारतीचीं वातानुकूलनाचीं यंत्रें असतात.

हा निव्वळ हौसेमौजेचा प्रश्न आहे, त्यावर टीकाकारानें लेखणी कशाला झिजवावी, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु घरांतील इतर खोल्या आपण स्वतःसाठीं लावतों, आणि बैठकीची खोली आपल्यासाठीं व दुसऱ्यासाठींही लावतों. तींत काय ठेवावें, काय आंत न्यावें आणि काय माळ्यावर टाकावें, हें ठरवितांना गृहस्थ आपल्याविषयीं एक विधान करीत असतो. आणि जेथें विधान आहे तेथें तें खरें कीं खोटें, सुंदर कीं नुसतें गुळगुळीत, हें पाहण्याचा अधिकार टीकेला पोहोंचतो. काव्यावर आपण जे प्रश्न लावतों तेच ह्या खोलीवर लावून पाहण्यास हरकत नाहीं.

प्रथम ह्या 'न्यूट्रल' शब्दाकडेच पाहूं. मराठींत त्याचा सरळ प्रतिशब्द 'उदासीन'. कौटिल्याच्या राजमंडलांत उदासीन म्हणून एक राजा आहे. भांडणाऱ्या पक्षांच्या बाहेर, दूर बसलेला, पण स्वतः बलवान्. शब्दाचा मूळ अर्थच वेगळा, उंच बसलेला असा. पुढें मराठीच्या वापरांत येतां येतां ह्या शब्दाचें बळ गेलें आणि त्याला खिन्नतेची कळा आली; उदासीन माणूस म्हणजे ज्याला कशांतच गोडी उरलेली नाहीं असा माणूस. रंगांच्या बाबतींत हे दोन्ही अर्थ संभवतात, आणि माझ्या मतें सगळा वाद ह्याच दोन अर्थांमधला आहे. कांहीं खोल्यांतला पांढरा रंग पहिल्या अर्थानें उदासीन असतो : तो बाजूस बसून इतर रंगांना न्याय देतो. कांहीं खोल्यांतला दुसऱ्या अर्थानें.

हा थाट ज्या किनाऱ्यावर वाढला तेथें तो कसा होता, हें पाहिल्यावांचून त्याला दोष देणें अन्यायाचें होईल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केप कॉडपासून लाँग आयलंडच्या टोंकापर्यंत जुन्या घरांची एक परंपरा आहे. अटलांटिकचा वारा तेथें बोचरा. म्हणून केप कॉडचीं मूळ घरें बुटकीं, उतरत्या छपराचीं, मधोमध धुराडें असलेलीं. बाहेरून सीडर लाकडाचीं पातळ फळकुटें कौलांसारखीं एकावर एक ठोकलेलीं. त्यांना रंग लावीत नसत. खारी हवा लागून कांहीं वर्षांत तीं आपोआपच रुपेरी करडीं होत. म्हणजे जो करडा रंग आज डबा उघडून निवडतात, तो तेथें हवेनें फुकट दिलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाडी आली, शहरांतले श्रीमंत लोक उन्हाळ्यापुरते किनाऱ्यावर राहूं लागले, आणि न्यूपोर्टला १८८३ च्या सुमाराचें आयझॅक बेलचें घर पाहावें, त्याप्रमाणें त्याच फळकुटांचे मोठाले वाडे उभे राहिले. लाँग आयलंडची रेल्वे १८७० सालीं सॅग हार्बरपर्यंत पोहोंचली; ज्याला आज 'हॅम्प्टन्स' म्हणतात तो मुलूख तोंवर शेतकरी आणि कोळी ह्यांचा होता. १८९१ सालीं विल्यम मेरिट चेस ह्या चित्रकारानें तेथेंच शिनेकॉकच्या टेकड्यांवर उघड्यावर चित्रें काढण्याची उन्हाळी शाळा चालू केली, आणि ती १९०२ पर्यंत चालली. वाळूच्या उंचवट्यावरचें सुकें गवत आणि दमट आकाश ह्यांत किती तऱ्हेचे राखाडी व पिवळट रंग आहेत, हें पाहायला शिकलेल्या डोळ्यांची तेथें एक पिढीच तयार झाली.

आंतल्या खोलीचीही अशीच गोष्ट. जुन्या अमेरिकन घरांत उन्हाळा लागला कीं लोकरी गालिचे गुंडाळून ठेवीत आणि त्यांच्या जागीं चटया अंथरीत. रेशमी व लोकरी खुर्च्यांवर सुती किंवा लिननच्या खोळी चढवीत. किनाऱ्यावरच्या घरांत ह्या खोळी कायमच्या झाल्या, कारण मुलें ओल्या अंगानें व वाळूनें भरलेल्या पायांनीं येऊन धपकन् बसत, आणि खोळ काढून धुतां येई. चटईच्या विणीतून वाळू खालीं गळून पडे. सामानही शहरांतल्या घरांतून निवृत्त झालेलें, एकमेकांशीं न जुळणारें. म्हणजे ऐसपैसपणा हा तेथें सजावटीचा प्रकार नव्हता. येथें कांहीं बिघडलें तरी फारसें बिघडत नाहीं, ह्या भावनेंतून तो आलेला होता. त्या खोलींतली प्रत्येक गोष्ट समुद्रानें विचारलेल्या एकाद्या प्रश्नाचें उत्तर होती.

ह्या थाटाचा आजचा आदर्श ग्रंथ कोणता, असें कोणीं विचारलें तर मात्र त्याला एका चित्रपटाचें नांव सांगावें लागेल. नॅन्सी मायर्स ह्या दिग्दर्शिकेचा 'समथिंग्ज गॉटा गिव्ह' हा चित्रपट २००३ सालीं निघाला. नायिका एरिका ही पन्नाशी उलटलेली यशस्वी नाटककर्त्री. डायन कीटन ह्यांनीं ती भूमिका केली. तिचें घर हॅम्प्टन्समध्यें, अगदीं समुद्रावर. त्या घराचा दिवाणखाना व पांढऱ्या फडताळांचें स्वयंपाकघर लोकांच्या इतकें मनांत भरलें कीं, चित्रपटाची कथा विसरलेल्या माणसांनाही ती खोली आठवते, आणि गेलीं वीसबावीस वर्षें तिच्या नकला देशोदेशीं चालल्या आहेत. गंमत अशी कीं, अशी खोली समुद्रकांठीं कधींच नव्हती. बाहेरून दिसणारें घर साउदॅम्प्टन येथील खरें घर. पण आंतल्या खोल्या जॉन हटमन ह्या कलादिग्दर्शकाच्या योजनेप्रमाणें कॅलिफोर्नियांत चित्रपटाच्या आवारांत उभारलेल्या. खिडक्यांबाहेर लाट नव्हती, आणि त्या सोफ्यावर ओल्या अंगानें येऊन बसणारें मूलही नव्हतें. जिची आपण नक्कल करतों ती खोली स्वतःच एक नेपथ्य होती.

तरी नेपथ्य म्हणून तें काम उत्तम आहे, हें कबूल केलें पाहिजे; कारण तेथें प्रत्येक वस्तु पात्राविषयीं कांहीं सांगते. समोरासमोर मांडलेले मोठे फिकट सोफे, खालीं पट्ट्यांचा गालिचा, दिव्यांचा मंद उजेड, आणि भिंतींत बसविलेलीं पुस्तकांनीं गच्च भरलेलीं कपाटें. ही बाई वाचते, लिहिते. पैसा तिनें स्वतः मिळविलेला आहे. आणि आपलें आयुष्य तिनें फार काळजीपूर्वक आवरून ठेवलें आहे. ती स्वतःही पांढऱ्या व पिवळट कपड्यांत, गळ्यापर्यंत बंद, इतकी कीं कधींकधीं ती त्या भिंतींतच मिसळून जाईल असें वाटतें. समुद्रावर फिरतांना ती फक्त पांढरे खडे वेंचते. नायकाच्या तें ध्यानांत येतें, त्यावरून दोघांत बोलणें निघतें, आणि तो तिच्या हातांत एक काळसर खडा ठेवतो. सगळ्या चित्रपटाचें मर्म मला ह्या खड्यांत दिसतें. ती पांढरी खोली दिग्दर्शिकेनें आदर्श म्हणून दाखविली नाहीं; तिनें ती एका स्त्रीनें स्वतःभोंवतीं घातलेलें कुंपण म्हणून दाखविली, सुंदर, सुखाचें, पण कुंपणच. पुढें त्या कुंपणाला खिंड पडते, बाई ढसाढसा रडते, रडतां रडतां नाटक लिहिते, आणि तें नाटक यशस्वी होतें.

नक्कल करणाऱ्यांनीं खोळी घेतल्या, दिवे घेतले, पांढरे खडे तर बरण्या भरभरून घेतले. काळा खडा तेवढा घेतला नाहीं. पुस्तकांचें काय केलें म्हणाल, तर मध्यंतरीं अशी एक टूम निघाली होती कीं, पुस्तकांच्या रंगीबेरंगी पाठी खोलीच्या फिकटपणाला बाध आणतात, म्हणून पुस्तकें उलटीं लावावीं, पाठ भिंतीकडे आणि पानांची कड बाहेर. म्हणजे सगळें कपाट कसें बिस्किटाच्या रंगाचें दिसतें! ज्या घरांतल्या माणसाला हवें तें पुस्तक हातीं लागण्यासाठीं वीस पुस्तकें उपसावीं लागतात, त्या घरांत पुस्तकें किती वेळां उपसलीं जात असतील, ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा. (कीटनबाई स्वतः २०२५ सालीं वारल्या. घरें बांधण्याचा व सजविण्याचा त्यांना मोठा नाद. २०१७ सालीं त्यांनीं आपल्या घरावर एक पुस्तकही काढलें. तें घर पांढऱ्या खोळींचें नव्हतें. उघड्या विटांच्या भिंतींचें होतें.)

दिवाणखाना पांढराशुभ्र करण्याची कल्पना तशी जुनीच. लेखक सॉमरसेट मॉम ह्यांच्या पत्नी सीरी मॉम ह्यांनीं १९२७ सालीं लंडनमध्यें चेल्सी भागांतल्या आपल्या घरीं आरशांच्या पडद्यासह संपूर्ण पांढरा दिवाणखाना लोकांपुढें मांडला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. चांगलें जुनें लाकडी सामान घासून, रंग काढून फिकट करण्याचा त्यांना सोस होता. तो थाट ऐश्वर्याचा होता, आणि तसा तो उघड सांगतही होता. समुद्राचा त्याच्याशीं संबंध नव्हता. आजच्या किनारी थाटानें ती पांढरी श्रीमंती घेतली आणि तिच्यावर साधेपणाचें पांघरूण घातलें, असें मला वाटतें.

समुद्रावरची खोली कशी असावी ह्याचें दुसरें एक उदाहरण त्याच काळचें आहे, आणि तें मला अधिक मोलाचें वाटतें. आयलीन ग्रे ह्या आयरिश कलावतीनें जाँ बादोव्हिची ह्याच्या सहकार्यानें १९२६ ते १९२९ ह्या काळांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तें येथें खडकांवर एक घर बांधलें. त्याचें नांव 'ई-१०२७'. तेथेंही भिंती पांढऱ्याच. पण गालिचा गडद निळा, फरशीचा कांहीं भाग काळा, आणि भिंतीवर मोठा थोरला सागरी नकाशा. खुर्च्यांपैकीं एकीचा आकार अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटीच्या डेकवरच्या खुर्चीवरून घेतलेला. बाहेर सज्जाला शिडासारखें कापड ताणलेलें, ऊन आलें कीं ओढावें, गेलें कीं सोडावें. शंख नाहीं, शिंपला नाहीं, वाळूचा रंग नाहीं. आणि तरी ह्या खोलींत बसलेला माणूस समुद्रावर आहे हें क्षणभरही विसरणार नाहीं, कारण समुद्र तिच्या रंगांत नसून तिच्या वापरांत आहे. ह्या पांढऱ्या भिंतींवर पुढें ल कोर्ब्यूझिए ह्या विख्यात वास्तुशिल्पकारानें ग्रेबाईंची परवानगी न घेतां मोठालीं भित्तिचित्रें रंगविलीं, आणि तें कृत्य बाईंना घराची विटंबना वाटलें. त्यांचा राग मला समजतो. पांढरी भिंत म्हणजे रिकामी भिंत, असें त्या थोर पुरुषानें धरलें होतें. उदासीन राजाला दुबळा समजण्याची ती चूक होती.

आतां आपल्याकडे वळूं. पांढरी, सैल खोळींची, धुतां येणारी ऐसपैस बैठक आपल्याला हॅम्प्टन्सकडून शिकावी लागली, असें मात्र कोणीं समजूं नये. जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यांत दुसरें काय होतें? भिंतीशीं गाद्या, त्यांवर परटाकडून आलेल्या पांढऱ्या चादरी, लोड व तक्के, त्यांना पांढरे अभ्रे. मांडी घालावी, पाय पसरावे, लोडाला टेकून आडवें व्हावें. ह्याहून 'रिलॅक्स्ड' असा प्रकार कोणत्याही विलायती सोफ्याला साधलेला नाहीं. परंतु ती पांढरी बैठक एकटी नसे. तिच्याभोंवतीं तेल पाजून काळसर झालेले सागवानी खांब, वर हंड्या-झुंबरें, भिंतीवर १८९४ सालीं निघालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यांतलीं लक्ष्मी-सरस्वतीचीं रंगीत चित्रें, तबकांत पानसुपारी. आणि बैठकीवर येऊन बसणारीं माणसें लाल पगडीचीं, जरीच्या कांठांचीं. पांढरा रंग हा तेथें जमीन होता, चित्र नव्हता. आजच्या खोलींत जमीन तेवढी ठेवली आहे. जांभळी पैठणी नेसलेली आत्याबाई तेथें येऊन बसली तर घरच्या मंडळींना मनांतल्या मनांत ती खोलीला विसंगत वाटते. आणि ज्या खोलीला आत्याबाई विसंगत वाटते, त्या खोलीच्या रुचींत कांहीं तरी बिघाड आहे.

आणि खुद्द आपला किनारा? त्याचा रंग मुळींच उदासीन नाहीं. कोंकणांतलें जुनें घर जांभ्याच्या तांबड्या दगडाचें. वर कौलें, तींही तांबडीं. जमीन शेणानें सारवलेली. माजघर अंधारें, धुरानें काळवंडलेल्या तुळयांचें. गुहागरसारख्या गांवीं समुद्राच्या अंगाच्या घरांचें तोंड रस्त्याकडे असतें आणि पाठ समुद्राकडे. मधें नारळी-पोफळीची लांबच लांब वाडी. समुद्राचा देखावा दिसावा म्हणून तेथें कोणीं घर बांधलें नाहीं. समुद्र ही तेथें सुटीतली करमणूक नव्हती. तो वर्षांतले चार महिने खवळणारा, वारा व पाऊस अंगावर घालणारा शेजारी होता, आणि अशा शेजाऱ्याशीं वागण्याची रीत त्या घरांच्या बांधणींत दिसते. पावसाच्या आधीं पडवीला झावळ्यांच्या झडी बांधायच्या, आणि ओटीवर झोपाळ्यावर बसून पाऊस ऐकायचा. कोळीवाड्यांत तर रंगांचा सुकाळ : होड्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या, नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा रंगवून सजविलेल्या, घरांच्या भिंतीही तशाच. जो माणूस रोज करड्या पाण्यावर जातो, त्याला परत येतांना रंग दिसावासा वाटतो. करड्या रंगाची भूक ज्याला पाण्यावर जावें लागत नाहीं त्याला लागते.

गोव्याच्या जुन्या घरांत मात्र एक फिका रंग आहे, आणि तो किनाऱ्यानेंच दिलेला आहे. कांच महाग होती तेव्हां तेथें खिडक्यांना चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांच्या चकत्या बसवीत. त्यांतून आंत येणारा उजेड दुधाळ, मऊ, डोळ्यांना न टोंचणारा. शिंपला बरणींत घालून मेजावर ठेवणें आणि शिंपल्यांतून उजेड गाळून घेणें, ह्यांतला फरक कोणत्याही रसिकास कळेल. आणि त्या उजेडांत काय दिसे, तर कोरीव काळें लाकूड, निळ्या नक्षीची चिनी मातीची भांडीं, आणि रंगविलेल्या भिंती.

ताग हा तर किनाऱ्याचा धागाच नव्हे. तो बंगालच्या नद्यांच्या गाळांत, गोड्या पाण्यांत वाढतो आणि दमटपणा त्याला सोसत नाहीं. त्याचा धागा ओलीनें कमजोर होतो, त्याला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. मुंबईच्या जुलैंत ज्यानें तागाचा गालिचा अंथरून ठेवला आहे त्याला हें सांगावयास नको. समुद्राशीं खरें नातें काथ्याचें. नारळाचीं सोडणें खाडीच्या खाऱ्या पाण्यांत महिनेमहिने कुजवून तो काढतात, आणि गलबतांचे दोर त्याचेच होत. पण काथ्या पायाला टोंचतो, त्याचा रंगही जरा गडद. म्हणून किनारी थाटाच्या खोलींत काथ्याला दाराबाहेर पायपुसण्याची जागा, आणि तागाला मानाची जागा.

अलिबागकडे हल्लीं सुटीपुरतीं राहण्याचीं घरें पुष्कळ झालीं आहेत. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी बोट सुरू झाल्यावर तर तिकडचा ओघ वाढलाच. त्या घरांत हा थाट त्यांतल्या त्यांत शोभतो, कारण तेथें वाळू खरी असते आणि मुलें ओलीं असतात. मात्र आठवड्याचे पांच दिवस बंद राहणारी खोली आणि त्यांतली पांढरी खोळ पावसाळ्यानंतर कोणत्या रंगाची होते, ह्याचा अनुभव तेथील मालकांनींच सांगावा.

शहरांतल्या घराविषयीं आणखी एक गोष्ट बोलावयाची आहे, आणि ती जरा अवघड आहे. पांढरी खोली आपोआप पांढरी राहत नाहीं. ज्या घरांत हळद आहे, चहा आहे, आणि रस्त्यावरची धूळ दोन प्रहरीं खिडकींतून आंत येते, तेथें तो पांढरेपणा रोज कोणी तरी राखावा लागतो; आणि तो बहुधा घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हातांनीं राखला जातो. त्या रोज ती खोळ झटकतात, महिन्यांतून दोनदां ती काढून धुतात, आणि तिच्यावर स्वतः कधींही बसत नाहींत. वाड्यांतली पांढरी चादरही परीट धूत असे, हें मी विसरलों नाहीं. पण त्या चादरीनें आपण निष्काळजी, मोकळ्या, वाऱ्यावर सोडलेल्या आयुष्याचें प्रतीक आहों असा दावा केला नव्हता. ह्या खोलीचा दावा तसा आहे, आणि तो खरा नाहीं. मुलांनीं बिस्किट घेऊन सोफ्यावर बसूं नये, पाहुण्यानें कप अलगद धरावा, आजोबांनीं तेल लावलेलें डोकें मागें टेकूं नये. ऐसपैसपणाचे इतके कडक नियम मीं दुसऱ्या कोणत्या थाटांत पाहिले नाहींत.

इतकें असूनही ह्या थाटानें आपल्या घरांवर एक उपकार केला आहे, तो नाकारतां येणार नाहीं. त्यापूर्वींचा मध्यमवर्गीय दिवाणखाना आठवावा : कांचेचें कपाट, त्यांत प्लास्टिकचीं फुलें, ताजमहाल, परदेशांतून आलेल्या बाहुल्या, जिंकलेले चषक, सोफ्याला गर्द मखमल आणि मखमलीवर प्लास्टिकचें आवरण. त्या गर्दींतून श्वास घ्यायला जागा ह्या फिकट रंगांनीं करून दिली. लहान खोली त्यांनीं मोठी वाटते, संध्याकाळचा उजेड थोडा वेळ अधिक टिकतो, आणि कचेरींतून थकून आलेल्या डोळ्यांना विसावा मिळतो. ह्या गोष्टी खऱ्या आहेत. पण कपाटांतल्या बाहुल्या कितीही कुरूप असल्या तरी त्यांतली एकेक बाहुली कोणीं, कोठून, कधीं आणली हें घरच्या माणसांना सांगतां येत होतें. वाळूच्या रंगाच्या खोलींतलें समुद्राचें चित्र कोणत्या किनाऱ्याचें, असें मीं दोन-तीन ठिकाणीं सहज विचारून पाहिलें. तें दुकानांत सोफ्याबरोबर निवडलेलें होतें. किनाऱ्याचें नांव कोणाला ठाऊक नव्हतें.

ज्यांनीं खोली अशी सजवून टाकली आहे त्यांनीं ती मोडावी, असें माझें म्हणणें नाहीं. भिंती तशाच असूं द्याव्या; पांढऱ्या भिंतीपुढें पितळेची समई जशी दिसते तशी दुसऱ्या कोणत्याही भिंतीपुढें दिसत नाहीं. आजीचें काळपट झालेलें शिसवी पेटीवजा बाकडें माळ्यावरून खालीं आणावें, आणि त्याला पांढरा रंग देण्याचा मोह आवरावा. पुस्तकें सुलटीं करावीं. भिंतीवर चित्र हवेंच असेल तर जेथें आपण पोहायला शिकलों, किंवा जेथें आपल्या आजोबांचें गलबत लागत असे, त्या बंदराचा नकाशा लावावा. आणि तागाचा गालिचा मृगाच्या आधीं गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून वर ठेवून द्यावा. दसऱ्यापर्यंत नुसती फरशीच बरी.